मौर्यांचे चोळ झाले, त्याला काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: ‘सिव्हिलायझेशन ७’ या 2025 साली आलेल्या कॉम्प्युटर गेमच्या मूळ नियमांत एक युग संपलं की खेळाडूला नवी सिव्हिलायझेशन निवडावी लागते. मराठीत समजावून सांगताना ‘सभ्यता बदलणे’ म्हटलं तर चालेल का?

माझं मत, नको. ‘सभ्यता’ हिंदीत त्या अर्थानं रुळलीय. आपल्याकडे सभ्यता म्हणजे चारचौघांत नीट वागणं. मुळात ‘सभ्य’ म्हणजे सभेत बसण्याजोगा. त्यामुळे ‘त्यानं सभ्यता बदलली’ ऐकलं की मराठी माणसाला वाटणार, स्वारी शिव्या द्यायला लागली. हिंदीतली सिंधु घाटी सभ्यता आपल्याकडे सिंधू संस्कृती असते, तेव्हा ‘संस्कृती’च बरी. (हा शब्द ‘कल्चर’साठी बंगालीत रुळला तो मराठीमुळे. बंगाली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींना तो 1922 साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून कळला, आणि ‘कल्चर’साठी बंगालीत वापरल्या जाणाऱ्या ‘कृष्टि’ शब्दावर नाराज असलेल्या रवींद्रनाथांना तो पसंत पडला.)

खरी गंमत बदलाच्या शब्दात आहे. गेममध्ये तीन युगं आहेत: प्राचीन, शोधमोहिमांचं आणि आधुनिक. भारताच्या वाटेनं गेलात तर पहिल्यात मौर्य, दुसऱ्यात चोळ, तिसऱ्यात मोगल. ही सगळी राजघराण्यांची नावं, म्हणून पटकन ‘सत्तांतर’ सुचतं. मलाही तेच सुचलं होतं. पण सत्तांतरात राजा जातो आणि प्रजा तीच राहते. इथे नेमकं उलटं! खेळाडूनं सुरुवातीला निवडलेला नेता, समजा अशोक, गादीवर तसाच, खालचे लोक मात्र मौर्यांचे चोळ. ‘धर्मांतर’, ‘पक्षांतर’ हे शब्दही बाद, त्यांच्याबरोबर नको ते अर्थ येतात. ‘कात टाकणे’ छान आहे, पण कात टाकून साप सापच राहतो. इथे जातच बदलते.

नामच हवं असेल तर मी ‘संस्कृतिपालट’ म्हणेन. हवापालट, खांदेपालट आपण रोज म्हणतो, त्याच साच्यातला हा शब्द. खांदेपालटात पालखी तीच आणि भोई बदलतात, हेही इथे बऱ्यापैकी लागू पडतं.

‘एज’ला ‘युग’ ठीकच आहे, अश्मयुग-लोहयुग आपल्या ओळखीचे. मला मात्र ‘पर्व’ जास्त आवडतं. पर्व म्हणजे मुळात सांधा, उसाचं पेर त्यातूनच आलंय. एक पेर संपतं तिथेच पुढचं फुटतं, ऊस एकच. गेममध्येही मागच्या युगातल्या काही परंपरा पुढे नेता येतात.

पण बोलताना नाम लागतंच कुठे? माझा भाचा हा गेम खेळतो. पुढच्या युगात कोण व्हायचं याचे पर्याय मागच्या युगात काय केलं त्यावरही खुले होतात. घोड्यांच्या तीन जागा विकसित केल्या की मंगोल मिळतात. परवा तो खोलीतून ओरडला, “मामा, तीन घोडे झाले, आता इजिप्तचा मंगोल होतो!” रंकाचा राव होतो, तसाच. याहून चांगलं मराठी मला तरी सुचणार नाही.