नकाशाबाहेरचा मासा सापडला तर

जाळ्यात आलेला मासा पुस्तकातल्या त्याच्या वावराच्या नकाशाच्या बराच बाहेरचा दिसतोय, मग हा समुद्र तापल्याचाच परिणाम ना, असं तुम्ही विचारलंय. असेलही. पण 'का' विचारण्याआधी 'कोण' ते पक्कं करा. नव्या म्हणून आलेल्या कितीतरी नोंदी इथेच गळतात.

फेब्रुवारी २०१९मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ दोनेक मीटर लांबीचा एक मेलेला सनफिश (भला मोठा चपटा समुद्री मासा) किनाऱ्याला लागला. तिथली नेहमीची सनफिशची जात, मोला मोला, असणार, असंच सगळ्यांना वाटलं. फोटो ऑनलाइन टाकल्यावर जाणकारांना शंका आली, पण त्या फोटोंवरून खात्री होईना. मंडळी दोन दिवसांनी परत किनाऱ्यावर गेली, भरतीने थोडा दूर सरकलेला मासा शोधून काढला आणि शेपटीकडच्या कडेचे जवळून फोटो घेतले. ते पाहून सनफिशच्या अभ्यासक मारियान नायगार्ड यांनी ओळख पटवली: मोला टेक्टा. ही जात त्यांनीच सहकाऱ्यांसोबत २०१७मध्ये जगासमोर आणली होती आणि ती दक्षिण गोलार्धातली मानली जायची. सगळं अडलं होतं ते त्या कडेच्या फोटोंवर.

म्हणून मासा टाकू नका. मी एकदा घाईत एकच तिरपा फोटो काढून मासा सोडून दिला होता. पाठीवरच्या परातले (माशाच्या पंखातले) काटे मोजता येईनात, नोंद राहूनच गेली. अजून हळहळ वाटते. मासा आडवा ठेवा, डोकं डावीकडे, शेजारी मोजपट्टी, पर टाचणीने पसरलेले. फोटो लगेच घ्या, कारण मेल्यावर रंग झपाट्याने उतरतो. पराचा छोटा तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मेलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. केंडासारखा (अंग फुगवणाऱ्या विषारी माशासारखा) दिसत असेल तर चव बघायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

आता 'का'. वाटा बऱ्याच आहेत. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातले मासे भूमध्य समुद्रात शिरतायत. विषारी चंदेरी केंड तिथे २००३मध्ये पहिल्यांदा सापडला. मूळचा हिंद आणि पॅसिफिक महासागरातला लायनफिश १९८५मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळ दिसला, तो बहुधा कुणीतरी शोभेच्या माशांच्या टाकीतून सोडलेला. आणि मला सर्वात थक्क करणारी गोष्ट म्हणजे २०११च्या त्सुनामीत वाहून गेलेली एक जपानी होडी. मार्च २०१३मध्ये ती अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याला लागली तेव्हा तिच्या पाणी भरलेल्या कप्प्यात पट्टेरी बीकफिशचे पाच मासे जिवंत होते! अख्खा पॅसिफिक ओलांडून. यात तापमानवाढीचा संबंध कुठे?

एक मासा म्हणजे वस्ती नव्हे, हेही लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडचा प्रवाह दर उन्हाळ्यात उष्ण पाण्यातल्या माशांची पिल्लं सिडनीपर्यंत आणून सोडतो. थंडी आली की त्यातली बहुतेक मरतात. खरा बदल तेव्हा, जेव्हा ती हिवाळा काढतात आणि पुढे विणीला लागतात. तापणाऱ्या पाण्याचा हात दिसतो तो तिथे, आणि तो एका माशावरून नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून.

तेव्हा तारीख, खोली, पाण्याचं तापमान, जाळ्याचा प्रकार आणि मासे किती होते, एवढं आजच लिहून ठेवा, उद्या आठवणार नाही. तुमच्याकडच्या समुद्री संशोधन संस्थेला फोटो पाठवा. मासा तिथल्या संग्रहात गेला तर उत्तमच. तो साफ करायची वेळ आलीच तर आधी पोटात गाभोळी (अंडी) आहे का तेवढं बघा आणि इथे कळवा. मी वाट बघतोय.