शाळा व्यवस्थापन समितीवर माझं नाव आहे, पण माझं कुणी ऐकत नाही. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही शेतमजुरी करता, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे, समितीवर तुमचं नाव आहे, पण सगळं दोन-तीन शिकलेले पालक आणि मुख्याध्यापक ठरवतात. तुमच्याकडे नुसतं सहीला रजिस्टर येतं. बोललं तर मुलीवर राग निघेल, ही भीतीही तुम्ही लिहिली आहे.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक होतो, म्हणजे याच समितीचा सदस्य-सचिव. पोरांच्या हाती रजिस्टर देऊन घरोघरी सह्या आणवणाऱ्यांत मीही होतो, हे आधी सांगतो.

कायद्यात तुमची जागा पक्की आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान पाऊण हिस्सा पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या आई-वडिलांना त्या मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात. अध्यक्ष पालकांतूनच निवडतात. शाळा विकास आराखडाही याच समितीनं करायचा असतो.

मग पालकांचं बहुमत जातं कुठं? माझ्या अनुभवात ते सभेच्या वेळेतच जातं. आम्ही सभा सकाळी अकराला लावायचो, कारण ती वेळ आम्हाला सोयीची. शिक्षक शाळेतच असतात. किराणा दुकानवाला पोराला गल्ल्यावर बसवून येतो. पण खुरपायला जाणाऱ्या बाईनं अकराला यायचं म्हणजे दिवसाचा रोज सोडायचा. ती एकदा येते, दुसऱ्यांदा येत नाही, आणि आम्ही लिहून मोकळे होतो की ‘पालक उदासीन आहेत’. हे वाक्य मी अहवालांत किती वेळा लिहिलं याचा आज त्रास होतो.

दुसरी गोष्ट माणसांची. गावात ज्याच्या शब्दाला पंचायत समितीत वजन आहे, त्याची मुलं पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. छत गळलं तर ज्यानं साहेबांना फोन लावावा, त्याचं लेकरू त्या छताखाली बसतच नाही. मागे राहतात ती मजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, वस्तीवरची मुलं. त्यांच्या आई-बापांना मुख्याध्यापकाकडून दाखला हवा असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही हवी असते. ज्याच्याकडे वरचेवर काम पडतं त्याला भर सभेत ‘हे चुकतंय’ म्हणणं सोपं नसतं.

आमच्या भागातला एक प्रसंग सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, निघतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांची मुलं गावातच राहावीत, त्यांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृह असतं. दोन वेळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजी किंवा चुलत्याकडे, असं आमच्याकडे चालायचं. ते चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीची. म्हणजे ज्यांच्या मुलांसाठी ही सोय, नेमके तेच पालक ती सुरू होताना दोन-तीनशे किलोमीटर लांब उसाच्या फडात असायचे, आणि ठरवायचं काम गावात राहिलेल्यांकडे यायचं.

आम्ही संध्याकाळचं जेवण साडेसातला ठेवलं होतं. स्वयंपाकीणबाईंना ती वेळ जमायची, आम्हालाही. महिनाभरात वस्तीवरच्या मुली यायच्या बंद झाल्या. मी हजेरी बघून वैतागलो, पण कारण विचारलं नाही. पुढच्या वर्षी दसऱ्याआधी समितीतलीच एक आई, जिचा अंगठा मी वर्षभर रजिस्टरवर घेत होतो, शाळेच्या पायरीशी थांबून म्हणाली, “गुरुजी, आमी गेल्यावर आमच्या लेकरांचं ठरवायलात. आमी हावत तवर ठरवा ना.” मग कळलं, की वस्तीच्या वाटेवर ओढा आहे, दिवा नाही, आणि आजीला त्या अंधारात पोरींना न्यायला यायला दिसत नाही. एवढी साधी गोष्ट. ती सांगायला जागा फक्त सभेत होती, आणि सभेच्या वेळी ती बाई कुणाच्या तरी रानात.

त्या वर्षी पालकसभा कामावरून माणसं परतल्यावर, संध्याकाळी, वस्तीवरच्या मारुतीच्या पारावर घेतली. जेवण अंधार पडायच्या आत, आणि मदतीला वस्तीवरचीच एक बाई, असं ठरलं. मुली पुन्हा यायला लागल्या.

समितीकडे अधिकार असून उपयोग काय, असं वाटत असेल तर गणवेशाचं आठवा. २०२४-२५ मध्ये गणवेशाचा निर्णय समित्यांकडून काढून राज्यपातळीवर गेला, ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून. कापड वरून, शिलाई बचत गटांकडे. कित्येक शाळांत गणवेश उशिरा आले, मापं चुकली. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षासाठी ते काम परत समित्यांकडे आलं. मुलाच्या अंगाचं माप आईला ठाऊक असतं, मंत्रालयाला नसतं. म्हणून ही समिती मोडकी असली तरी सोडू नका.

आता तुमचं. पहिली मागणी सभेच्या वेळेची करा, बाकी सगळं नंतर. संध्याकाळची किंवा बाजाराच्या दिवसाची वेळ मागा. पुढच्या सभेतला पहिला ठराव तोच होऊ द्या, सूचक तुम्ही, अनुमोदक दुसरी एखादी आई. दुसरं, घरी आलेल्या रजिस्टरवर सही करू नका. ‘सभेत वाचून दाखवा, मग करते’ एवढंच म्हणा. नकार द्यायचा नाही, वाचून मागायचं. वाचून दाखवताना आलेला आणि खर्चलेला पैसा आपोआप बाहेर येतो. मागच्या सभांचं इतिवृत्त बघायला मागा. दाखवलं नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी मागता येतं. शाळेत दाद लागली नाही तर ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत विषय काढा. तिथला ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि मग सरपंचांना उत्तर द्यावं लागतं.

राहिली मुलीची भीती. ती खोटी नाही. कुठल्या मुलाची आई तक्रार करते हे शिक्षकाच्या डोक्यात राहतं, मी ते शिक्षकांच्या खोलीत ऐकलेलं आहे. म्हणून एकटीनं बोलू नका. मुलीच्या वर्गातल्या चार-पाच आयांना आधी घरी बोलवा, काय मागायचं ते ठरवा, आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे एकत्र घ्या. एक प्रत शाळेत देऊन पोच घ्या, एक केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, द्या. पाच नावं असली की राग कुणा एका पोरीवर काढता येत नाही. आणि मुख्याध्यापक माझ्यासारखा निव्वळ सवयीनं चुकणारा असेल, तर त्या कागदानं तो पहिल्यांदा घड्याळाकडे बघेल.

लिहायला अडचण आली तर इथेच खाली कळवा, अर्जाचा मसुदा मी करून देतो.