हप्त्यांचीही बेगमी

वाचकांचे प्रश्न : घर, खर्च आणि कर्ज

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यातील एका गावात राहतो. यजमानांची मालवाहू रिक्षा आहे, घरामागे हापूसची चाळीस कलमे आहेत आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. त्यासाठी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचे २,४०,००० रुपये शिल्लक आहेत. व्याज १४ टक्के, हप्ता ७,५०० रुपये, आणि यजमानांचे एक शिक्षक मित्र जामीनदार आहेत. सासूबाईंच्या आजारपणात माझे दागिने बँकेत तारण ठेवून ११ टक्के व्याजाने १,२०,००० रुपये घेतले. ते येत्या नोव्हेंबरमध्ये व्याजासह एकरकमी भरायचे आहेत. क्रेडिट कार्डाचे ८०,००० रुपये थकले असून त्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागते, आणि आम्ही दरमहा ४,००० रुपये भरतो. वसुलीवाल्यांचे फोन रात्री नऊनंतरही येतात. वाडीतल्याच एका गृहस्थांकडून ४०,००० रुपये शेकडा पाचाने घेतले. चौदा महिने २,००० रुपये व्याज देत आलो, पण मुद्दल तसेच आहे आणि माझ्या सहीचा कोरा धनादेश त्यांच्यापाशी आहे. याशिवाय दिरांचे ५०,००० रुपये हातउसने आहेत.

रिक्षाचे खर्च वजा जाता महिना १८,००० रुपये सुटतात, पावसाळ्याचे चार महिने मात्र निम्मेच. खोल्यांचे वर्षाला १,७०,००० रुपये मिळतात, त्यांपैकी पावसाळ्यात जेमतेम २०,०००. आंब्याचे खर्च जाता ९०,००० मिळतात. घरखर्च महिना १७,००० आणि गणपतीला वेगळे १६,००० लागतात. यंदाच्या हंगामाचे १,१०,००० रुपये हातात आहेत. पतसंस्थेचे कर्ज सर्वांत मोठे, म्हणून सगळे पैसे तिथेच भरावेत असे यजमानांचे म्हणणे आहे. एक माणूस फोनवरून सांगतो की १५,००० रुपये द्या, हप्ते थांबवा, सगळी कर्जे ‘सेटल’ करून देतो. दरवर्षी मे महिन्यात वाटते की आता सुटलो, आणि गणपती येईपर्यंत पुन्हा कार्ड वापरावे लागते. आमचे नेमके कुठे चुकते?

उत्तर : ताई, तुम्ही एकही कर्ज न लपवता, दिरांच्या हातउसन्या पैशांसकट सगळे आकडे लिहून पाठवलेत. बँकेच्या कर्ज विभागात काम करताना माझ्यासमोर बसलेली बहुतेक माणसे निदान एक कर्ज तरी सांगत नसत, आणि नेमके तेच त्यांना बुडवत असे. तुमचा निम्मा आराखडा या पत्रातच तयार झाला आहे.

तुमचे वर्षाचे उत्पन्न ४,४०,००० रुपये होते आणि घरखर्च व गणपती मिळून २,२०,००० रुपये. म्हणजे कर्जांसाठी वर्षाला २,२०,००० रुपये उरतात, आणि आज तुम्ही हप्ते व व्याजापोटी वर्षाला सुमारे १,७५,००० रुपये देता. वर्षाच्या हिशेबाने तुम्ही तोट्यात नाही. तोटा आहे तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात हाती येतात ५६,००० रुपये, तर घरखर्च, गणपती आणि तीन ठिकाणचे भरणे मिळून लागतात १,३८,०००. मधले ८२,००० रुपये दरवर्षी कुठून तरी उभे करावे लागतात आणि ते कार्डावर किंवा शेकडा पाचाने उभे राहतात. हप्त्यांची पद्धत दर एक तारखेला पगार होणाऱ्या माणसासाठी आखलेली आहे. आपल्या किनाऱ्यावर पैसा हंगामाने येतो. आगोटीला आपण तांदूळ, सुकी मासळी, कोकमे आणि जळण भरून ठेवतो, कारण पुढचे चार महिने काय असतात ते आपल्याला ठाऊक असते. हप्त्यांची बेगमी मात्र कोणी करत नाही. तुमच्या हातातल्या पैशांचा विचार इथून सुरू करा.

आता कोणाला आधी द्यायचे ते पाहू. कर्जाचा आकार बाजूला ठेवून प्रत्येक कर्ज महिन्याला किती व्याज घेते ते शेजारी लिहा. पतसंस्था २,८०० रुपये घेते, सोनेतारण १,१००, वाडीतले गृहस्थ २,०००. कार्डाचे व्याज २,८०० रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागत असल्याने ते ३,३०४ रुपयांवर जाते. तुम्ही भरता त्या ४,००० रुपयांतून मुद्दलात सातशेसुद्धा जमा होत नाहीत. कार्ड आणि खासगी सावकारी ही दोन कर्जे मिळून १,२०,००० रुपयांची, म्हणजे एकूण ५,३०,००० रुपयांच्या पाव भागाहूनही कमी आहेत. पण दरमहाच्या ९,२०४ रुपयांच्या व्याजातील ५,३०४ रुपये तीच दोन खातात. यजमानांची मोठ्या कर्जाविषयीची काळजी मला समजते, तरीही तुमच्या घरातला पैसा पतसंस्थेच्या कर्जामुळे गळत नाही.

म्हणून पहिले ४०,००० रुपये खासगी सावकारीसाठी बाजूला काढा, पण ते हातावर ठेवण्याआधी पुढचे नीट वाचा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ व विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांकडून अनुक्रमे १५ व १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. अगदी १८ टक्क्यांनी धरले तरी चौदा महिन्यांचे व्याज ८,४०० रुपये होते. तुम्ही २८,००० दिलेत. वरचे १९,६०० रुपये मुद्दलात वळते करून घ्या, असे त्यांना स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. एकाच वाडीत राहून हे बोलणे किती अवघड असते ते मी जाणतो. यजमानांनी एकट्याने जाऊ नये, दोघांचाही ज्यांच्यावर विश्वास आहे अशा जाणत्या माणसाला सोबत न्यावे. तेवढ्याने भागले नाही, किंवा धमकीचा सूर निघाला, तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करा. या कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याच खात्याकडे आहे. पैसे कितीही ठरोत, कोरा धनादेश परत घेतल्याशिवाय आणि ‘काही येणे बाकी नाही’ असे लिहून घेतल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका, आणि ती शक्यतो खात्यातूनच द्या.

उरलेले ७०,००० रुपये कोणत्याही कर्जात भरू नका. इथे माझे म्हणणे अनेकांना पटणार नाही. महागड्या कार्डात ते लगेच टाकावेत असा सल्ला कोणीही देईल, आणि व्याजाच्या हिशेबाने तो बरोबरही आहे. परंतु ते कार्डात गेले, की जुलैमध्ये तुमच्या हातात काही नसेल आणि कार्ड पुन्हा बाहेर निघेल, हे तुमच्याच पत्रात लिहिलेले आहे. सावकारीचे व्याज थांबल्यावर चार महिन्यांची तूट ८२,००० वरून ७४,००० होते, म्हणजे हे ७०,००० रुपये तिला जवळपास पुरतात. सावकारीच्या बोलणीतून काही सुटले तर उरलेले त्यातून निघतील. नाही सुटले, तर गणपतीचा नैवेद्य आणि पूजा तशीच ठेवून मखर-सजावटीचा खर्च यंदा आवरता घ्या. ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवा, त्या खात्याला फोनवरून पैसे देण्याची सोय जोडू नका, आणि हप्त्याच्या तारखेला त्यातून लागेल तेवढेच काढा.

कार्डासाठी दुसरा मार्ग आहे. बँकेला लेखी विनंती करा की ही थकबाकी ठरावीक मासिक हप्त्यांत बदलून द्या. बऱ्याच बँका हे करतात आणि त्याचा दर कार्डाच्या नेहमीच्या दरापेक्षा बराच कमी असतो. तो दर आणि प्रक्रिया शुल्क लेखी घेतल्याशिवाय होकार देऊ नका. समजा १८ टक्क्यांनी चोवीस हप्ते मिळाले, तर हप्ता सुमारे ४,००० रुपये बसतो, व्याजावरचा जीएसटी वेगळा. तुम्ही आजही तेवढेच भरता. पण आजच्या दराने, नवी एकही खरेदी न करता, ते कर्ज फिटायला सुमारे ४३ महिने लागतील. हप्ते सुरू होताच कार्डावरची नवी खरेदी बंद करायला सांगा. सोन्यावर आणखी कर्ज काढून कार्ड फेडा, असेही तुम्हाला कोणी सुचवील. व्याज कमी लागेल हे खरे, पण ती रक्कमही नोव्हेंबरमध्ये एकरकमीच मागितली जाईल आणि दागिने लिलावाच्या जवळ जातील. मी तसे करणार नाही.

रात्रीच्या फोनविषयी : रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. वेळा नोंदवून बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत आहे.

पतसंस्थेचा हप्ता कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका, आणि त्याचे कारण व्याजापेक्षा तुमचे जामीनदार आहेत. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला तर त्या शिक्षक मित्राच्या पगारापर्यंत गोष्ट जाते. ज्याने आपल्या शब्दावर सही केली, त्याला नोटिशीतून आपली अडचण कळणे फार वाईट. यजमानांनी आत्ताच त्यांना भेटून हा सगळा आराखडा दाखवावा. पावसाळ्यात लहान आणि हंगामात मोठा हप्ता अशी बांधणी करून मिळावी, असा अर्जही संस्थेच्या संचालक मंडळाला द्या. हप्ता थकण्याआधी आलेल्या अर्जाकडे मंडळ वेगळ्या नजरेने पाहते, हे मी अनुभवाने सांगतो.

नोव्हेंबरमध्ये दागिन्यांचे पूर्ण पैसे भरणे तुम्हाला जमणार नाही, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या उत्पन्नातून सगळे भागवून तुमच्याकडे थोडेच पैसे उरतात. पण ते मार्चपर्यंत थोडेथोडे साठणारे आहेत, म्हणून दिवाळीतल्या पर्यटकांचे पैसे आले की त्यातून १३,२०० रुपये व्याजासाठी आधी काढून ठेवा आणि मुदतीच्या आधीच बँकेत जाऊन व्याज भरून कर्जाचे नूतनीकरण मागा. पुढच्या मे महिन्यात, उत्पन्न यंदासारखेच राहिले आणि घरात मोठी दुरुस्ती निघाली नाही, तर आधी पावसाळ्याचे ७४,००० रुपये बाजूला काढूनही ६५,००० रुपयांच्या आसपास उरतील. ते सोन्याच्या मुद्दलात भरा आणि तेवढ्या प्रमाणात एखादा दागिना सोडवता येतो का ते विचारा. त्याच्या पुढच्या हंगामात उरलेले सोने सुटते आणि त्याच सुमारास कार्डही संपते. कार्डाचे मोकळे झालेले ४,००० रुपये मग दिरांना द्यायला लागा, म्हणजे वर्षभरात त्यांचेही पैसे फिटतील. ही तारीख त्यांना आजच सांगा. हातउसन्या पैशांत माणसे उशिराने दुखावत नाहीत, न बोलण्याने दुखावतात.

या हिशेबात कच्चा दुवा एकच आहे, आंबा. जून २०२० मधले निसर्ग आणि मे २०२१ मधले तौक्ते ही वादळे तुम्ही पाहिली आहेत, आणि वादळ नसतानाही अवकाळी पाऊस व थ्रिप्स (फुलकिडे) मोहोर खाऊन जातात. म्हणून ९०,००० न धरता, गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत वाईट वर्षी जेवढे मिळाले तेवढेच धरून हिशेब पुन्हा मांडा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत कोकणातला आंबा येतो. यंदा मुदत चुकवू नका. आंब्याचे जास्त मिळाले तर ते सोन्यात जातील.

राहता राहिला तो फोनवरचा माणूस. त्याला १५,००० रुपये देऊ नका. हप्ते थांबवले की दंड वाढतो, जामीनदाराकडे नोटीस जाते, आणि तडजोडीने मिटवलेले कर्ज तुमच्या पतअहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते. पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’ असते. पुढच्या वेळी कर्ज मागताना हा फरक महाग पडतो. तडजोड करायचीच वेळ आली तर ती बँकेशी थेट करता येते. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवून सगळी कर्जे बरोबर नोंदलेली आहेत का ते पाहा.

प्रश्न : मी मालवण तालुक्यात मच्छीमार बोटीवर खलाशी आहे. बंदीच्या काळात पैसे नसल्याने मोबाइलवरील ॲपवरून १२,००० रुपयांचे कर्ज घेतले. हातात ९,००० आले आणि पंधरा दिवसांत १५,००० मागतात. नाही दिले तर फोनमधल्या सगळ्यांना माझा फोटो पाठवू म्हणतात. दुसऱ्या ॲपवरून घेऊन हे फेडू का?

उत्तर : नाही. एकातून दुसरे घेत गेलात, तर १ ऑगस्टला बोट पुन्हा समुद्रात जाईल तेव्हा तुमची सगळी उचल यांच्याकडेच जाईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्याची मुभा नाही, आणि सर्व शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो ते कर्जाआधीच लेखी सांगावे लागते. हे ॲप कोणत्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या वतीने कर्ज देते ते शोधा आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत त्याचे नाव आहे का ते पाहा. नाव असेल, तर त्या वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करून कराराप्रमाणे निघणारी रक्कमच द्या. नसेल, तर धमकीचे सर्व संदेश आणि पैसे आल्याची नोंद जपून ठेवा, १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि तीच कागदपत्रे घेऊन पोलीस ठाण्यात जा. ॲपला दिलेल्या सर्व परवानग्या लगेच काढून घ्या, पण संदेशांच्या प्रती काढून होईपर्यंत ॲप पुसू नका. घरच्यांना आणि बोटमालकांना तुम्ही स्वतः आजच सांगा. फोटो जाण्याआधी तुमच्याकडून कळले, की त्या धमकीत काही उरत नाही. बंदीतल्या खर्चासाठी पुढच्या वर्षी बोटमालकांकडे मे महिन्यातच उचल ठरवून घ्या, आणि ती किती व कशी वळती होणार ते वहीत दोघांच्या सहीने लिहून ठेवा.