कर्व्ह गेमिंग मॉनिटर घेताय? आधी टेबल मोजा

कर्व्ह मॉनिटरबद्दल आलेल्या प्रश्नांत या वेळी स्टँड, टेबल, भिंत आणि पडद्याचा बाक यांविषयी बरंच विचारलं आहे, याचा आनंद वाटला. रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नवं होतं तो आकडा) सेटिंगमधून कमी-जास्त करता येतो. पडद्याचा बाक आणि स्टँडचे पाय मात्र एकदा घरी आले की तसेच राहतात.

प्रश्न : २७ इंची मॉनिटर घ्यायचा आहे. दुकानात १०००आर, १५००आर आणि १८००आर असे तीन दाखवले. दुकानदार म्हणतो, आकडा जितका लहान तितकं मॉडेल भारी. खरं आहे का? (सांगली)

नाही. हा आकडा त्रिज्येचा आहे, मिलिमीटरमध्ये. १८००आरचा पडदा त्याच बाकात पुढे वाढवत नेऊन पूर्ण वर्तुळ केलं, तर त्याची त्रिज्या १.८ मीटर भरेल. १०००आरची एक मीटर. आकडा लहान असेल तर बाक जास्त, एवढंच. दर्जाशी त्याचा संबंध नाही.

बाक कशासाठी असतो ते बघू. समजा, तुम्ही सपाट पडद्यापासून ७० सेंमीवर बसला आहात. २७ इंची पडदा साधारण ६० सेंमी रुंद असतो. म्हणजे मध्य ७० सेंमीवर आणि कड ७६ वर. या सहा सेंमीने काही बिघडत नाही. ३४ इंची अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा जास्त लांबट पडदा) सुमारे ८० सेंमी रुंद, त्याची कड ८० सेंमीच्या पुढे जाते. ४९ इंचीची कड तर ९२ सेंमीवर जाते आणि ती तुम्हाला जवळपास ४० अंशांनी तिरकी दिसते. तिथे रंग फिके पडतात, कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागते. बाक दिला की कडा तुमच्याकडे वळतात. म्हणजे बाकाची गरज पडद्याच्या रुंदीमुळे पडते.

२७ इंचीवर १८००आर घेतलात तर कडा मध्यापेक्षा जेमतेम अडीच सेंमी पुढे येतात, १०००आरला साडेचार सेंमी. दुकानात स्वतःच पडताळा : वरच्या चौकटीलगत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणून धरा आणि मध्ये किती फट राहते ते पट्टीने मोजा. ती फट बघितली की पेटीवरच्या आकड्याचा धाक उरत नाही. तुमच्या मापाला १५००आर किंवा १८००आर पुरे. त्याच पैशात चांगला सपाट आयपीएस (तिरकं बघितलं तरी रंग टिकवणारं पॅनेल) मिळत असेल, तर मी तोच घ्या म्हणेन. नेमबाजीचे स्पर्धात्मक गेम खेळणारेही बहुतेक २४-२५ इंची सपाट पडद्यावरच खेळतात. ३२ इंचीपासून पुढे बाकाला अर्थ येतो, ३४ पासून तो हवासा वाटतो आणि ४९ ला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : कार रेसिंग आणि फ्लाइट सिम्युलेटरसाठी ४९ इंची घ्यायचं ठरलंय. टेबल चार फूट बाय दोन फूट. मावेल ना? (पुणे)

रुंदीत मावेल, खोलीत अडचण होईल. २०२० च्या सॅमसंग ओडिसी जी९ चंच उदाहरण घेऊ : बाक १०००आर, रुंदी सुमारे ११५ सेंमी आणि स्टँडसकट खोली सुमारे ४२ सेंमी. दोन फुटी टेबल म्हणजे ६१ सेंमी. दोन्ही बाजूंना पुढे एक वीतसुद्धा जागा राहत नाही. कीबोर्ड पडद्याच्या कुशीत सरकवता येईल, पण पडदा तुमच्या नाकाशी येईल. या मापाला किमान अडीच फूट खोल टेबल हवं, तीन असेल तर उत्तम. पुढच्या काही ४९ इंची मॉडेलांत, उदाहरणार्थ २०२३ च्या ओडिसी ओलेड जी९ मध्ये, बाक १८००आर आहे. त्यात कडा बऱ्याच कमी पुढे येतात.

मग तुम्ही म्हणाल, स्टँड काढून आर्मवर (टेबलाला अडकवायच्या हलत्या दांड्यावर) लावतो. कल्पना चांगली आहे, पण दोन गोष्टी तपासा. पहिली वजन. ते जी९ मॉडेल स्टँडशिवायही १४ किलोच्या आसपास आहे, आणि बाजारातले पुष्कळ स्प्रिंगवाले आर्म आठ-नऊ किलोपर्यंतचे असतात. दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही : कर्व्ह पडद्याचं वजन मागच्या व्हेसा पट्टीपासून (जिथे आर्म स्क्रूने बसतो) पुढे पडतं, कारण दोन्ही पंख पुढे आलेले असतात. त्यामुळे आर्म वजन पेलतो, पण सांध्यात मान टाकतो. आज सरळ केलेला पडदा आठवड्याभरात खाली बघू लागतो. म्हणून आर्म घेताना अवजड कर्व्ह पडद्यांसाठी मजबूत सांधा आहे का, हे विचाराच. आणि टेबल पार्टिकल बोर्डचं असेल तर आर्मच्या क्लॅम्पखाली (पकडीखाली) वरून-खालून लोखंडी पट्टी घाला, नाहीतर बोर्ड दबून चुरा होईल.

प्रश्न : गेममध्ये रात्रीचं दृश्य आलं की हलणाऱ्या माणसामागे काळी शेपटी दिसते. पॅनेल खराब आहे का? (नागपूर)

बहुधा नाही, तो व्हीए पॅनेलचा (आयपीएससारखाच एलसीडी पडद्याचा दुसरा प्रकार) स्वभाव आहे. बाक दिल्यावर आयपीएसच्या कडांतून प्रकाश झिरपण्याचा त्रास जास्त, म्हणून कर्व्ह मॉनिटरांत व्हीए अधिक वापरतात. त्याचा काळा रंग खरोखर काळा दिसतो : कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१, तर नेहमीच्या आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. पण काळ्यातून गडद करड्यात जायला त्याला वेळ लागतो आणि तीच शेपटी होऊन दिसते. मेनूत ओव्हरड्राइव्ह (ठिपक्यांचा रंग लवकर बदलायला लावणारं सेटिंग) एक पायरी वाढवा. शेवटच्या पायरीवर नेऊ नका, कडेला पांढरट भूत दिसू लागेल. ब्लॅक इक्वलायझर (गडद भाग उजळ करणारं सेटिंग) असेल तर तोही किंचित वर घ्या. ओलेडमध्ये (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) हा त्रास नाही. तिथे मात्र टास्कबार किंवा गेममधला स्कोअर तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याचा डाग उमटण्याचा धोका असतो.

प्रश्न : दिवसा ऑटोकॅडवर काम, रात्री गेम. कर्व्हवर सरळ रेष वाकडी दिसते का? (डोंबिवली)

सुरुवातीला, हो. १८००आरला काही दिवसांत नजर सरावते. १०००आरवर लांब आडव्या रेषा खटकत राहतात, विशेषतः डोळे पडद्याच्या मध्याच्या बरेच वर-खाली असतील तर. तुमचं पोट ड्रॉइंगवर चालतं, तेव्हा १८००आरपेक्षा जास्त बाक घेऊ नका. स्टँडची उंची वर-खाली होते का, हेही बघा. स्वस्त कर्व्ह मॉनिटरांत बरेचदा फक्त पुढे-मागे कलण्याची सोय असते, मग खाली पुस्तकं रचावी लागतात.

प्रश्न : मुलगा म्हणतो, कर्व्ह मॉनिटर डोळ्यांना चांगला असतो. घेऊन द्यावा का? (नाशिक)

ताई, रुंद पडद्यावर मध्य आणि कड यांचं अंतर सारखं व्हायला मदत होते, एवढं खरं. त्यापलीकडे खोलीत पुरेसा उजेड, पडदा हातभर लांब आणि मधूनमधून उठणं याला पर्याय नाही. खिडकी बसणाऱ्याच्या पाठीमागे येणार नाही असं टेबल ठेवा. आत वळलेल्या पडद्यात मागच्या उजेडाचा पट्टा पसरून दिसतो. खिडकी बाजूला आली की बराच फरक पडतो.

प्रश्न : पीएस५ ला ३४ इंची कर्व्ह जोडून हॉलमध्ये सगळ्यांनी बघितलं तर? (कोल्हापूर)

नको. ३४ इंचीचा पडदा २१:९ मापाचा (रुंदी २१ तर उंची ९) लांबट असतो. पीएस५ २१:९ चित्र देत नाही, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. नेहमीच्या टीव्हीसारखा १६:९ चा ३२ इंची घ्या. आणि सगळ्यांनी बघायचं असेल तर सपाटच घ्या. २०१३ च्या सुमारास सॅमसंग आणि एलजीने कर्व्ह टीव्ही आणले, पण ते टिकले नाहीत. बाकाचा फायदा जवळ आणि बरोबर मधोमध बसणाऱ्या एकालाच मिळतो. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला जवळची कड तिरकी दिसते.

प्रश्न : घर बदलतोय. ३४ इंचीचा स्टँड काढून गादीवर पालथा ठेवला तर चालेल ना? आणि पुसायचा कशाने? (रत्नागिरी)

पालथा अजिबात ठेवू नका. सपाट पडद्याचं वजन सगळीकडे वाटलं जातं. कर्व्ह पालथा केला की सगळा भार दोन कडांवर येतो, आणि मागून स्क्रू पिळताना जोर दिला की मध्ये आधार नसतो. पॅनेल तडकतं ते अशाच वेळी. खोक्यातला थर्माकोल त्या बाकाच्या मापाचाच असतो, पडदा त्यातच ठेवून स्टँड काढा-लावा. म्हणून खोकं माळ्यावर जपून ठेवायचं, भंगारात द्यायचं नाही. उचलताना एका हाताने स्टँडची मान आणि दुसऱ्या हाताने खालची चौकट धरा. बोटं काचेच्या बाजूला नकोत.

पुसण्याआधी मॉनिटर बंद करा. मायक्रोफायबर कापड पाण्याने किंचित ओलं करा, पडद्यावर थेट फवारा मारू नका. खिडकीच्या काचा पुसायचं निळं पाणी वापरू नका, मॅट थर जाऊन डाग पडतात. पावसाळ्यात तुमच्याकडची दमट हवा लक्षात घेता, आठवडाभर मॉनिटर वापरला नसेल तर मधून अर्धा तास चालू ठेवा, आणि बांधून न्यायच्या दिवशी पिशवीत घालण्याआधी तो पूर्ण कोरडा झाला आहे ना, हे बघून घ्या.