आईवडिलांना घेऊन नाशिकमधली बौद्ध स्थळं एका दिवसात पाहता येतील का?

येतील. सकाळी लवकर त्रिरश्मी लेणी, म्हणजे पांडवलेणी, गाठा. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे ऊन तापायच्या आत थांबत थांबत चढा. २४ लेण्यांपैकी १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात स्तूप आहे, तिथे आधी वंदना घ्या. मग लेणं ३. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने हे भिक्खुसंघाला दान दिलं, तो शिलालेख अजून भिंतीवर आहे. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचं हे एका आईचं दान! तिथून माझा तर पाय निघत नाही. पायथ्याशी बुद्धविहारही आहे.

दुपारी येवल्याची मुक्तिभूमी. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा येवल्यातच केली, म्हणून ती वगळू नका. अंतर बरंच आहे, जेवण निफाडच्या वाटेवर उरका.