दाब वाढवण्याआधी मोजणी तपासून घ्या

नांदेडच्या सदस्यांनी विचारले आहे की, निओडिमियम-लोह-बोरॉन (चुंबकत्व घट्ट धरणारी कठीण प्रावस्था) आणि अल्फा-लोह (मऊ प्रावस्था) यांच्या भुकटीची शॉक कॉम्पॅक्शनने, म्हणजे आघात लहरीने क्षणात दाबून, केलेली चकती ९७ टक्के घनतेची आली, पण कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) भुकटीपेक्षा बरीच घसरली, तर पुढचा शॉट जास्त दाबाने घ्यावा का. हीच अडचण मी भोगली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो, दाब वाढवू नका.

भुकटी घन धातूच्या ६० टक्के घनतेने भरून ५ गिगापास्कलला पूर्ण दाबली गेली, तर किलोमागे सुमारे २२० किलोज्यूल ऊर्जा तिच्यात जिरते. तीच आधी प्रेसमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत बसवली, तर जवळपास निम्मी. दाब वाढवला की ही ऊर्जाही वाढते. कणांच्या कडा वितळून जोड बसतो हे खरे, परंतु मागे उरलेल्या उष्णतेने लोहाचे कण १० नॅनोमीटरच्या फार पुढे वाढले, तर कठीण प्रावस्था त्यांना धरून ठेवू शकत नाही.

तरीही माझा सर्वाधिक काळ शॉटने नव्हे, मोजणीने खाल्ला. ज्या कार्यालयाकडे नमुने दिले होते, तेथे चकती आधी पल्स (क्षणभराचे तीव्र चुंबकीय क्षेत्र) देऊन संपृक्त, म्हणजे पूर्ण चुंबकित, न करता थेट २ टेस्लाच्या व्हीएसएममध्ये (नमुना कंपवून चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात) ठेवली गेली. अहवालातील वक्र वरच्या टोकालाही आडवा झालेला नव्हता, चढतच होता, म्हणजे चकती संपृक्त झालीच नव्हती आणि अशा वेळी कोअर्सिव्हिटी खरीपेक्षा कमी दिसते. तरी शेरा ‘कोअर्सिव्हिटी कमी’ असाच आला. मूळ आकडे मागितले, तर ते देण्याची पद्धत नाही असे उत्तर मिळाले, आणि त्या कागदावर विसंबून चांगली भुकटी बाद ठरवली गेली, याचा मला आजही संताप येतो. पैसे भरण्यापूर्वीच मूळ आकडे देण्याचे लेखी घ्या. भुकटी आणि चकती दोन्ही पल्स देऊनच मोजा, आणि चकतीच्या आकारामुळे येणाऱ्या विचुंबकन क्षेत्राची (नमुन्याच्या स्वतःच्या उलट्या क्षेत्राची) दुरुस्ती करा. ती न केल्यास वक्र तिरका दिसतो, कोअर्सिव्हिटी मात्र त्याने बदलत नाही. दुरुस्तीनंतरही शून्य क्षेत्राजवळ खाच राहिली, तरच कठीण आणि मऊ प्रावस्थांची चुंबकीय जोड सुटली असे माना.

कॅप्सूल (शॉटसाठी भुकटी भरलेली धातूची डबी) वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वायर कटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या यंत्रावर) कापून घेत असाल, तर तुकडा पाण्यातून काढताच अल्कोहोलने धुऊन कोरडा करा, कारण निओडिमियम फार लवकर गंजते. माझा अनुभव वितळलेला मिश्रधातू झपाट्याने थंड करून बनवलेल्या पट्ट्या दळून केलेल्या भुकटीपुरता आहे. समारियम-कोबाल्टला तो जसाच्या तसा लावू नये. पल्सनंतरचे दोन्ही वक्र येथे टाकल्यास मी नक्की पाहीन.