मुलं बरोबर नसताना डिस्नेच्या बोटीवर जावं का?

प्रश्न : ताई, येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला 35 वर्षं होतील. मुलगा अटलांटाला असतो आणि जानेवारीपासून आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. त्याने आम्हा दोघांना फ्लोरिडाहून सुटणारी डिस्नेची चार रात्रींची क्रूझ भेट द्यायचं ठरवलंय. त्याला आणि सुनेला रजा नाही, नातवंडं अजून नाहीत, म्हणजे जाणार आम्ही दोघंच. आमचे हे म्हणतात, "मिकी माऊसच्या बोटीवर आपण काय करणार? लोक म्हणतील म्हातारचळ लागलाय." शिवाय मी शाकाहारी, आणि ह्यांना कसाऱ्याच्या घाटातसुद्धा मळमळतं. नाही म्हटलं तर मुलगा हिरमुसेल. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जा. दोघंही जा. असं ठामपणे सांगते, कारण तुमच्या यजमानांना पडलेला प्रश्न मीही एकदा बोटीवर बरोबर घेऊन गेले होते आणि माझ्यापाशी तो तुमच्यापेक्षा जड होता. आम्हाला मूल नाही. तुम्ही निदान मुलाने पाठवलं म्हणून जाल; आमच्याकडे तेही कारण नव्हतं.

2019 सालचा फेब्रुवारी. ह्यांची साठी नुकतीच झाली होती. साठीशांत डिसेंबरात वेंगुर्ल्याला घरच्यांनी हौसेने केली, पण परत अमेरिकेतल्या आमच्या घरी, रॅलेला आल्यावर हे म्हणाले, "मला एकदा बोटीने जायचंय." वेंगुर्ल्याच्या माणसाच्या तोंडी 'बोट' म्हणजे काय, हे नाशिकला सांगावं लागेल. मुंबईहून कोकणच्या किनाऱ्याने गोव्याला जाणारी आगबोट. वेंगुर्ल्याला ती धक्क्याला लागत नसे, समुद्रात उभी राही. माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जात. हे बारा वर्षांचे असताना वळकटी घेऊन डेकवर झोपून भाऊच्या धक्क्यापर्यंत गेले होते आणि रात्रभर त्यांना बोट लागली होती. तरीही त्या रात्रीबद्दल बोलताना ह्यांचा चेहरा उजळतो.

डिस्नेची बोट निवडली ती ह्यांच्या गुडघ्यामुळे. चार रात्रींच्या त्या सफरीत बहामा बेटांवरच्या दोन्ही थांब्यांना बोट थेट धक्क्याला लागते. छोट्या होडीत उतरायचं नाही, उडी मारायची नाही. बाकी मिकी माऊस वगैरे मी मनातल्या मनात सोसायचं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चार दिवस हजारो लोकांत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हाताला एक मूल.

आमची बोट सुटली ते फ्लोरिडातलं पोर्ट कॅनव्हेरल बंदर ऑर्लँडोच्या विमानतळापासून गाडीने तासाभरावर आहे. आमच्या बोटीचं नाव 'डिस्ने ड्रीम'. 2011 पासून चालणारी, 1,250 खोल्यांची, लांबी सुमारे 340 मीटर. कागदपत्रं तपासून आम्ही बोटीच्या दाराशी आलो तेव्हा माइक घेतलेल्या एका मुलीने आमचं आडनाव विचारलं. दोनदा विचारलं, तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं आणि मग मोठ्याने पुकारलं, की अमुक फॅमिलीचं स्वागत असो! दोन्ही बाजूंना उभ्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने मागे वळून आणखी कोण येतंय का, हे पाहिलं नाही. तुमची मुलं कुठे आहेत, असं विचारलं नाही. दोघांची ती फॅमिली, पुरी. मी ह्यांचा दंड धरला होता तो आणखी घट्ट धरला. लग्नाला तेव्हा 31 वर्षं झाली होती आणि आम्हा दोघांना कुणी 'कुटुंब' म्हणून हाक मारल्याचं मला आठवत नव्हतं. आपल्याकडे विचारतात, "घरी कोण कोण?" आणि उत्तर ऐकून थांबतात.

आता तुमच्या काळज्या.

आधी बोट लागण्याची. खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. तिथे हलणं कमी जाणवतं. टोकाची, उंचावरची, गच्चीची खोली महाग असते आणि हलतेही जास्त. फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामध्ये गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो. वारा समोरून, म्हणजे उत्तरेकडून आला, की तिथे लाटा उठतात. आम्हाला पहिल्या रात्री थोडं जाणवलं. ह्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी झोपण्यापूर्वी घेतली, मी आल्याच्या वड्या नेल्या होत्या. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही, आधी घ्यायची. पोट रिकामं ठेवू नका. बरं वाटेना झालं तर उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसायचं. हे उभे राहिले, बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कोकणच्या बोटीपेक्षा बरी आहे." कसाऱ्याच्या घाटाचा मात्र धसका घेऊ नका, एवढ्या मोठ्या बोटीचं हलणं घाटातल्या वळणांसारखं नसतं.

जेवणाबद्दल तर निर्धास्त राहा. संध्याकाळच्या जेवणाला तीन हॉटेलं असतात, दररोज वेगळ्या हॉटेलात पाठवतात, पण तुमचे वाढपी तेच, तुमच्याबरोबर फिरतात. तुमची बोट दुसरी असेल, हॉटेलांची नावं वेगळी असतील, पण ही पद्धत त्यांच्या सगळ्या बोटींवर आहे. आमचा वाढपी मडगावचा निघाला. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देशाचं नाव असतं, ते वाचून ह्यांनी विचारलं, भारतात कुठे? मग तो म्हणाला, "तुमी खंयचे?" आणि हे म्हणाले, "वेंगुर्ल्याचो." झालं. गोव्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर नोकरी करत आली आहेत, तारवटी म्हणतात त्यांना; ह्याचे वडीलही तारवटीच. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर म्हणाला, आज मेन्यूतलं घ्या, उद्यापासून मी सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे डाळ, जिरा-भात आणि फ्लॉवरची भाजी. भाजीत हिंग होता. गरम भातावर डाळ ओतून मी समुद्राच्या मध्यावर जेवले, ताई. तुम्हीही पहिल्याच संध्याकाळी सांगा, आयत्या वेळी नको. मुलाला बुकिंगमध्येही लिहायला सांगा.

त्याच माणसाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर एक तीन-चार वर्षांचा मुलगा होता, जेवायला तयार नव्हता. आमच्या ह्या तारवट्याने त्याच्या ताटातल्या चिकनचे बोटभर तुकडे केले, केचपने त्यावर मिकीचे कान काढले आणि वाकून उभा राहिला तो मुलाने पहिला घास घेईपर्यंत. मग आमच्याकडे पाणी घालायला आला. मी विचारलं, "घरी मुलं?" म्हणाला, "एक आहे. एवढीच." आणि ह्यांच्याकडे न बघता ग्लास भरत राहिला. मूल नसणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. मूल असून महिनोन् महिने दुसऱ्यांच्या मुलांना भरवणं म्हणजे काय, हे मी त्या संध्याकाळी पाहिलं. टिपची रक्कम खात्यावर आपोआप लागते. आम्ही त्यावर वेगळं पाकीट दिलं आणि मडगावच्या घरासाठी चॉकलेटं. तुम्हीही द्या.

लोक हसतील का? कुणाला वेळ नसतो. शिवाय मोठ्यांसाठी बोटीवर वेगळी जागा राखलेली असते: पोहण्याचा तलाव, कॉफीचं दुकान, रात्री बसायला बार, जिथे मुलांना सोडत नाहीत. आमच्या बोटीवरच्या एका बारमध्ये खिडक्यांच्या जागी टीव्हीसारखे मोठे पडदे होते आणि त्यांत दररोज जगातलं वेगळं शहर दिसायचं. आम्ही सकाळी त्या शांत तलावाच्या कडेला पाय सोडून बसायचो. पण मला कबूल केलं पाहिजे, की दुसऱ्या दिवसापासून आम्हीच तिथून उठून मुलांच्या गोंगाटात जाऊन बसू लागलो. डेकच्या वरून 765 फूट लांबीची पाण्याची पारदर्शक नळी फिरते, मध्येच बोटीच्या बाहेर समुद्रावर लटकते, आणि तिच्यातून मुलं किंचाळत जातात. ह्यांनी गुडघ्याला पट्टा बांधून ते केलं. दोनदा.

आणि दाराची गोष्ट. बोटीच्या खोल्यांची दारं लोखंडी असतात, लांबच लांब बोळात सगळी सारखी. मुलांवाले लोक त्यांवर मॅग्नेट लावतात: मुलांची नावं, वाढदिवस, चित्रं. पहिल्या दिवशी त्या बोळातून चालताना मला गलबलून आलं. आमचंच दार तेवढं कोरं. ह्यांना ते कळलं असावं, किंवा खोली पुन्हा पुन्हा चुकत होती म्हणून असेल, त्यांनी बॅगेतून एक मॅग्नेट काढलं. वारली चित्राचं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं, आमच्या रॅलेच्या फ्रिजवर वर्षानुवर्षं असलेलं. येताना काढून आणलं होतं, मला न सांगता. ते दारावर लावलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या खोलीतली मुलगी, सहा-सात वर्षांची, त्याच्यापुढे उभी राहून माणसं मोजत होती. तिने मला विचारलं, ही सगळी तुझी माणसं का? मी म्हटलं, हो. रात्री परत आलो तर मॅग्नेटच्या खाली एक कागद खोचलेला. त्रिकोणी पोटाची दोन माणसं, हात धरलेली, मागे बोट. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर त्याच मॅग्नेटखाली आहे.

बंदरांबद्दल थोडं. नासाऊ ही बहामाची राजधानी. तिथे बरेच लोक बोटीवरच थांबतात. तुम्ही उतरा. धक्क्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर 'क्वीन्स स्टेअरकेस' आहे. 1793-94 च्या सुमारास गुलाम माणसांनी कुदळींनी चुनखडीचा डोंगर कापून काढलेला जिना. मूळच्या 66 पायऱ्यांपैकी आता 65 दिसतात. दोन्ही बाजूंना उंच कातळ, त्यावर वेली, आत गारवा. वेरूळ पाहिलेल्या आपल्यासारख्यांना खडक कापण्याचं नवल वाटत नाही, पण इथे ज्यांनी कापला त्यांना घरी जाता येत नव्हतं, एवढं लक्षात ठेवून चढले. यजमानांना गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांना खाली सावलीत बसू दे. मासळी खाणारे असतील तर तिथे शंखाची कोशिंबीर मिळते. समोरच शंखाला भोक पाडून आतला गोळा सोडवतात, बारीक चिरून लिंबू, कांदा, टोमॅटो, झणझणीत मिरची. मला बघवलं नाही, आईच्या देव्हाऱ्यातला शंख आठवला. हे म्हणाले, "आपल्या तिसऱ्या शिंपल्यांपेक्षा चिवट, पण ताजा आहे."

दुसरा थांबा कॅस्टवे के, पूर्वीचं गोर्डा के. बहामाचं हे बेट डिस्नेकडे आहे. साधारण 1,000 एकरांतलं 55 एकरच वापरात घेतलंय, बाकी झाडी. जुनी धावपट्टी आहे, एकेकाळी तिथे अमली पदार्थांच्या तस्करांची विमानं उतरत. आता तिच्यावरून ट्राम मोठ्यांच्या किनाऱ्याकडे नेते. तिथे अठरा वर्षांच्या आतलं कुणी नाही. फेब्रुवारीत पाणी थोडं गार असतं, पण इतकं नितळ की छातीभर पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसतात. तेव्हा बेटावर छोटं पोस्ट होतं. बहामाचं तिकीट लावून मी वाईला आईला कार्ड टाकलं. ते पोचलं तेव्हा आई पंच्याऐंशीची होती. शेजारणींना वाचून दाखवायची.

त्या रात्री डेकवर सगळे समुद्री चाच्यांचा वेष करून आले होते, आकाशात फटाके उडाले, आणि बोटीने भोंग्यातून डिस्नेच्या जुन्या गाण्याचे सात सूर वाजवले. ह्यांनी डोक्याला लाल फडकं बांधलं होतं. समोरच्या खोलीतल्या मुलीनेच गाठ मारून दिली.

कागदपत्रांचं मात्र नीट बघा. बोट बहामाला जाते म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर जाता, परतताना बंदरावर पुन्हा तपासणी होते. तुमचा अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आणि परतीच्या दिवसापर्यंत चालू असायला हवा. बहामाच्या नियमांबद्दल मुलाला बुकिंगच्या वेळीच कंपनीला विचारायला सांगा. मोठ्या बॅगा बंदरावर हमालाकडे जातात त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून पासपोर्ट, औषधं आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. बोटीवर डॉक्टर असतात पण बिल लागतं, तेव्हा विमा अमेरिकेबाहेरही चालतो का, ते वाचून घ्या. फोन बोट सुटली की एअरप्लेन मोडवर. बोटीचं तिकीट इतर कंपन्यांपेक्षा सहसा महाग असतं. मुलाला परवडत असेल तर तुम्ही त्याचा हिशेब करत बसू नका.

मधल्या खोल्या लवकर संपतात, म्हणून मुलाला आजच फोन करा. आणि नाशिकच्या घरच्या फ्रिजवर एखादं मॅग्नेट असेल तर ते काढून बॅगेत टाका.